चक्रीवादळाचे दोन हंगाम आणि वाडीची झाडमोजणी

कोकणातील बागायतदारांच्या वाडवडिलांनी पावसाची नक्षत्रे मोजली, भरतीओहोटीच्या वेळा तिथीवरून तोंडपाठ ठेविल्या, आंब्याच्या मोहोरास कोणत्या दिवसांतील ढगाळ हवा बाधते हेही अनुभवाने जाणले. परंतु चक्रीवादळाचा म्हणून काही हंगाम असतो आणि त्याची तयारी भाताच्या बियाण्याप्रमाणे आगाऊ करून ठेवावी लागते, ही गोष्ट आपल्या हिशेबात कधी नव्हती. ती नसण्यास कारणही होते. बंगालच्या उपसागरात चार वादळे उठली तर अरबी समुद्रात एक, असे प्रमाण पूर्वीपासून सांगत आले आहेत. आणि ह्या एकातीलही पुष्कळशी वादळे किनाऱ्यापासून दूर राहून ओमानकडे अगर गुजराथेकडे निघून जात. ओरिसा आणि आंध्र ही वादळाची ठिकाणे, आपल्या वाट्यास फार तर उधाण आणि दोन दिवसांचा अवकाळी पाऊस, अशी आमचीही समजूत होती. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर आलेल्या वादळाच्या गोष्टी आम्ही लहानपणी वडील माणसांच्या तोंडून ऐकल्या होत्या. पण गोष्टी ऐकून कोणी माडाची आळी बदलीत नाही.

ही समजूत २०२० साली मोडली. जून महिन्याची ३ तारीख, बुधवार, वटपौर्णिमेस दोन दिवस उरले असता 'निसर्ग' नावाचे तीव्र चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीच ह्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरांच्या घरात होता आणि मधले झोत त्याहून अधिक होते. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडचे मंडणगड व दापोली ह्या टापूतील वाड्या दोनतीन तासांत आडव्या झाल्या. हवामान खात्याने सूचना आगाऊ दिली होती, किनाऱ्यावरील लोकांस शाळांतून व पक्क्या इमारतींतून हलविले होते, त्यामुळे वादळाच्या मानाने माणसे थोडी दगावली. झाडास मात्र हलविता येत नाही.

त्या वेळी आम्ही किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होतो व सेवानिवृत्तीस थोडी वर्षे उरली होती. साथीच्या रोगामुळे टाळेबंदी चालू, कचेरीत निम्मे लोक, विजेचे खांब रस्त्यावर, दूरध्वनी बंद. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. अशा स्थितीत पंचनामे करावयाचे होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक ह्या तिघांनी मिळून पंचनामा करावा अशी रीत. पण माणसे पुरेनात म्हणून आम्हांसही तीन गावांच्या याद्या जागेवर जाऊन पडताळण्यास पाठविले. रस्त्यात पडलेली झाडे गावकऱ्यांनी कुऱ्हाडी-कोयत्यांनी तोडून वाट केली होती, त्या वाटेने आम्ही पायीच गेलो.

त्यातील एका गावी सत्तरीच्या घरातील एक विधवा बाई आपल्या वाडीच्या कवाडापाशी आमची वाट पाहत उभी होती. वाडी चौदा गुंठ्यांची. पोफळी बहुतेक कमरेतून मोडलेल्या, काही मुळासकट उलथलेल्या, माड पाच पडलेले, वर आकाश मोकळे. बाईंच्या हातात तांबड्या कापडात बांधलेली एक चोपडी होती.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "ह्यांनी लावलेले एकूणएक झाड ह्यात आहे. एकशे साठ पोफळी आणि चौदा माड. एकशे एकतीस पोफळी पडल्यात. मोजून घ्या."

आम्ही सातबारा पाहिला. पिकाच्या रकान्यात नारळ तीन गुंठे, बाकी अकरा गुंठे गवत, असे लिहिलेले होते. पोफळ हा शब्दच नव्हता.

"काकू, चोपडी खरी आहे," आम्ही म्हणालो, "पण आम्हांस सातबारावर असेल तेवढेच क्षेत्र धरावे लागते."

"सातबारा लिहिणाऱ्याने माझी वाडी कधी पाहिली होती का?"

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. यादीत आम्ही तीन गुंठे लिहिले. ती ओळ आमच्याच हातची आहे, आणि आज हा लेख लिहावयास बसलो आहोत तो मुख्यतः त्या ओळीमुळे.

वाचकांपैकी पुष्कळांस आपल्या सातबाराची स्थिती ह्याहून निराळी नाही हे ठाऊक असेल. तेव्हा त्या एका ओळीने किती फरक पडला, हे आकड्यांनीच सांगितलेले बरे. आपत्तीच्या मदतीचा बहुवार्षिक फळबागांचा दर त्या वेळच्या नियमाप्रमाणे हेक्टरी १८,००० रुपये होता. निसर्ग वादळानंतर राज्य सरकारने तो वाढवून हेक्टरी ५०,००० केला, मर्यादा दोन हेक्टरांची. ऐकण्यास रक्कम मोठी वाटते. परंतु शिफारशीच्या अंतराने, म्हणजे २.७ मीटरांवर, लाविलेल्या पोफळी एका हेक्टरात १,३७१ बसतात. ५०,००० रुपयांस त्याने भागिले असता एका पोफळीस साडेछत्तीस रुपये येतात; जुन्या दराने तर तेराच. साडेसात मीटरांवर लाविलेले माड हेक्टरी सुमारे १७७, त्यांस प्रत्येकी २८२ रुपये. दहा मीटरांवरील हापूसची कलमे शंभर, त्यांस प्रत्येकी ५००. म्हणजे झाड जितके दाट लावावयाचे, तितकी त्याची किंमत क्षेत्राच्या हिशेबाने उतरत जाते, आणि कोकणातील वाडी तर दाटच असते. माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, मधून जायफळ, कडेस कोकम आणि केळ. हे सारे एकाच गुंठ्यात असते आणि रकान्यात एकच पीक लिहिलेले असते.

पुढे २०२१ च्या तौक्ते वादळाच्या मदतीत माडास झाडागणिक २५० रुपये आणि पोफळीस ५० रुपये असा दर ठेविला होता. आता त्या काकूंचा हिशेब पाहा. यादीतील तीन गुंठ्यांस हेक्टरी दराने पंधराशे रुपये. चौदाही गुंठे बाग म्हणून लागले असते तर सात हजार. आणि झाडागणिक दराने १३१ पोफळींचे ६,५५० व पाच माडांचे १,२५० मिळून सात हजार आठशे. ह्यातील कोणतीही रक्कम पडलेली खोडे तोडून वाडीबाहेर काढण्याच्या मजुरीसही पुरेशी नाही, हे आम्ही जाणतो. पण पंधराशे आणि सात हजार आठशे ह्यांतील अंतर केवळ कागदाचे होते, वाऱ्याचे नव्हते.

दुसरी अडचण नावांची. सातबारा काकूंच्या कैलासवासी सासऱ्यांच्या नावे, वारस अकरा, त्यांतील सात मुंबईस. एकाच्या खात्यात पैसे जमा करावयाचे तर बाकीच्यांचे संमतिपत्र हवे, आणि टाळेबंदीत मुंबईहून कागद कोण आणणार? कोकणात सामाईक खात्यांची ही गाठ घरोघरी आहे. ज्याने वाडी शिंपली तो एक आणि ज्यांची नावे लागली ते दहा.

नियम करणारे दुष्ट होते असे आमचे म्हणणे नाही. महसुलाची सारी बुद्धी मूळ भातशेताची आहे. भात बुडाले तर एका वर्षाचे पीक बुडते. पुढल्या मृगात शेत पुन्हा पेरता येते, आणि पैसेवारी काढून गावाची स्थिती ठरविता येते. पोफळ लाविल्यापासून पाच ते सात वर्षांनी धरते आणि भर उत्पन्नास आणखी चार वर्षे लागतात. बाणवली माडासही सहा ते आठ वर्षे हवीत. तेव्हा वादळात पडते ते एका वर्षाचे पीक नव्हे. पुढील दहा वर्षांचे उत्पन्न आणि मागील दहा वर्षांचे शिंपणे दोन्ही पडते. फळपीक विम्याची योजना हवामान केंद्रावरील वाऱ्यापावसाच्या आकड्यांवर चालते. तिचा विचार हंगामातील फळाचा आहे, मुळासकट गेलेल्या झाडाचा नाही.

असे प्रसंग आता विरळा राहतील, असे समजण्यास आधार नाही. पुणे येथील उष्णप्रदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातील थोडी घटली. कारण समुद्र तापला हे होय. पाण्याचा पृष्ठभाग साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण असला म्हणजे वादळास जेवावयास मिळते, आणि अरबी समुद्र पूर्वी ह्या बाबतीत उपसागराहून थंड असे. एकट्या २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली: वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. त्यांतील क्यार ऑक्टोबरच्या अखेरीस, ऐन दिवाळीत, रत्नागिरीच्या समोर समुद्रात बळावले. ते किनाऱ्यास लागले नाही, ओमानच्या दिशेने गेले. तरी त्याने ओढून आणलेल्या पावसाने कापणीस आलेले आणि कापून आडवे पडलेले भात शेतातच रुजले. वादळ जमिनीवर आले नाही म्हणून शेतकरी सुटला असे होत नाही, हे लक्षात ठेवावे.

वादळाचे हंगाम दोन आहेत. पहिला एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाळा बसण्यापूर्वी. दुसरा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, पावसाळा उठल्यावर. मधल्या आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला असतो, तरी मोठे चक्रीवादळ बहुधा होत नाही. कारण त्या दिवसांत खालचा वारा नैऋत्येकडून आणि उंचावरचा पूर्वेकडून जोराने वाहतो, त्यामुळे वादळाचा खांब उभा राहण्याआधीच मोडतो. निसर्ग आणि तौक्ते पहिल्या हंगामातली. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात लक्षद्वीपाकडून निघून १६ आणि १७ तारखांस गोमंतक, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड असा सारा किनारा घासत वर गेले आणि १७ च्या रात्री गुजराथेत दीवजवळ जमिनीवर चढले. झाडावर राहिलेला शेवटचा आंबा त्याने पाडला. २००९ च्या ११ नोव्हेंबरास आलेले फयान दुसऱ्या हंगामातले. ते मुंबई-अलिबागच्या बाजूस जमिनीवर आले आणि त्यात समुद्रावर असलेले कित्येक मच्छीमार परतले नाहीत. १९४८ चेही ह्याच हंगामातले. (ही नावे कोठून येतात असे पुष्कळजण विचारतात. समुद्राभोवतालची राष्ट्रे ती आगाऊ देऊन ठेवितात. 'निसर्ग' बांगला देशाने दिले होते आणि 'तौक्ते' ब्रह्मदेशाने, त्या भाषेत तो एका पालीचा प्रकार आहे.)

येथे एक गोष्ट कारकुनाच्या स्वभावास धरून सांगावीशी वाटते. १८८२ साली मुंबईस चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मेली, असे कित्येक पुस्तकांतून छापलेले आढळते. अलीकडे अभ्यासकांनी त्या काळचे कागद तपासले तेव्हा अशा वादळाचा पत्ताच लागेना. न घडलेले वादळ छापून राहिले. आणि घडलेल्या वादळात पडलेल्या लाखो पोफळींपैकी किती कागदावर आल्या असतील, ह्याचा वाचकांनीच अंदाज करावा.

वाऱ्याविषयी एक साधा नियम प्रत्येक बागायतदारास ठाऊक हवा. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता वादळाचा मध्य आपल्या डाव्या हातास असतो. समुद्राकडून वादळ येत असता वारा प्रथम आग्नेयेचा लागला, मग दक्षिणेचा आणि मग पश्चिमेचा झाला, तर मध्य आपल्या उत्तरेकडून गेला असे समजावे. त्या बाजूस समुद्राचा वारा, खारे पाणी आणि लाट ह्यांचा मार अधिक. पूर्वेचा वारा ईशान्येवरून उत्तरेस गेला तर मध्य दक्षिणेकडून गेला. आणि जोराचा वारा एकाएकी अगदी थांबला तर वादळ सरले असे मानून घराबाहेर पडू नये. तो मध्य डोक्यावर आला असण्याचा संभव असतो आणि थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच वारा सुटतो. पहिल्या झोताने एका बाजूस ढिली झालेली मुळे ह्या दुसऱ्या झोताने उपटतात.

आता कोणते झाड कसे पडते, ह्याविषयी आम्ही जे पाहिले ते सांगतो. पोफळ सर्वांत वाईट. उंच, सडपातळ, डोक्यावर भार. वाडीच्या कडेच्या ओळी मोडल्या की आतील ओळी उघड्या पडतात आणि मग पत्त्यांप्रमाणे जातात. माड वाकतो, झावळ्या पिळवटून जातात, पण त्याची असंख्य दोरीसारखी मुळे वाळूतही जमीन धरून ठेवितात. म्हणून पोफळी गेल्या त्याच वाडीत माड पुष्कळ उरले. आंब्याचे मोठे वृक्ष जांभ्या कातळावर उथळ मुळांनी उभे होते ते उलथले. पिशवीत फार दिवस राहिलेल्या कलमाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घेते आणि जन्मभर तसेच राहते. ज्यांनी खड्ड्यातच कोय रुजवून जागेवर कलम केले, त्यांच्या झाडांची पकड चांगली, हे आम्ही एकाहून अधिक बागांत पाहिले. काजूची फांदी ठिसूळ, ती फाटते. किनाऱ्यावरील सुरूची बने पडली तेथे लोक म्हणू लागले की वारारोधकाचा उपयोग नाही. आम्हांस हे मान्य नाही. एकाच जातीची एकाच वयाची उंच भिंत वारा अडवू पाहते आणि मोडते. वारा निम्मा अडून निम्मा गाळून जाईल असा पट्टा असला म्हणजे त्याच्या उंचीच्या दहापंधरा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. उंडी, करंज, केतकी ही समुद्रकाठची आपली जुनी झाडे बुटकी आणि चिवट. सुरूच्या पुढे ती लावावीत.

वादळानंतरचे पहिले पंधरा दिवस फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच आपण पंचनाम्याची वाट पाहण्यात घालवितो. पंचनाम्यासाठी झाडे जशीच्या तशी पडू द्यावी लागतात, ही समजूत चुकीची आहे. छायाचित्र काढून, बुंधा जागेवर ठेवून बाकी साफ करावे. माडाचा शेंडा हालला असला तरी मधला कोंब शाबूत असेल तर झाड जगते. तुटक्या झावळ्या काढून शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे, म्हणजे पावसात कोंब कुजत नाही. पडलेली माडांची खोडे वाडीत कुजू दिली तर गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा तेथे वाढतो आणि वादळाने सोडलेले माड वर्षा-दोन वर्षांत तो खातो. उरलेल्या पोफळींचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. जन्मभर सावलीत वाढलेले त्यांचे खोड एकाएकी उघडे पडते, आणि पावसाळा संपताच पश्चिमेच्या उन्हाने नैऋत्य अंग करपून चिरते. दोन वर्षांनी ते झाड तेथेच मोडते, आणि मालक म्हणतो वाऱ्याने मोडले. आश्विनापूर्वी खोडास झावळ्या गुंडाळाव्यात अगर चुन्याचा हात द्यावा, व मोकळ्या जागी लागलीच केळी लावून सावली धरावी. त्याच सावलीत पोफळीची नवी रोपे लागतात. श्रीवर्धनी रोठ्याचे शुद्ध बियाणे हवे असेल तर श्रीवर्धन येथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे. अर्धवट कललेले तरुण आंब्याचे कलम चारपाच दिवसांच्या आत, मुळे ओली असता, फांद्या छाटून, हळूहळू ओढून उभे करावे व दोन बाजूंनी टेकू द्यावा. मोठे झाड उभे करण्याच्या नादी लागू नये. अर्धी मुळे जमिनीत असतील तर ते आडवेच ठेवून छाटावे, मुळांवर माती चढवावी आणि जखमांस बोर्डो मलम लावावे. त्यास फूट येते.

ह्या साऱ्याहून आमच्या मते अधिक निकडीचे काम वादळापूर्वीचे आहे, आणि त्यास दोन दिवस लागतात. वाडीच्या एका कायम कोपऱ्यापासून, गडग्याचा अगर विहिरीचा कोपरा धरून, ओळीने झाडे मोजावीत. मोठ्या झाडांवर डांबराने क्रमांक घालावेत. वहीत जात, लावणीचे साल आणि फळास लागले की नाही एवढे लिहावे. पोफळी ओळीगणिक मोजल्या तरी चालतील. कोपऱ्यासकट चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि ह्या यादीची एक प्रत तलाठ्याकडे (ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्जासह देऊन दुसरीवर पोच घ्यावी. पोच घेण्यास विसरू नये. पोच नसलेला अर्ज कचेरीत दिलाच नाही असे धरतात. आम्ही तेहतीस वर्षे तसेच धरीत आलो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची योजना राज्यभर सुरू झाली. तीत शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून आपले पीक स्वतः छायाचित्रासह नोंदवावयाचे असते. मिश्र पिकाची आणि बांधावरील झाडांची संख्या नोंदविण्याची सोयही तीत आहे. वाडीवाल्यांनी हिचा कंटाळा करू नये. भातवाला नोंद करतो, कारण त्यास भात विकावयाचे असते. वाडीवाल्यास वाटते झाडे कोठे पळून जातात. काकूंच्या सातबारावरील 'गवत' कोणी द्वेषाने लिहिले नव्हते. मागील वर्षाची ओळ पुढील वर्षी उतरविली जात होती, एवढेच. वारसनोंद राहिली असेल तर तीही ह्याच वेळी करावी, आणि सामाईक खात्यातील मुंबईकर भाऊबंदांकडून, ते गणपतीस घरी आले असता, वहिवाटीचा व मदत स्वीकारण्याचा संमतीचा कागद शांतपणे करून घ्यावा. वादळानंतर भावाभावांत तो कागद होत नाही.

मोजणी वर्षातून दोनदा ताडून पाहावी, अक्षय्यतृतीयेस एकदा आणि घटस्थापनेपूर्वी एकदा. ह्या दोन तिथी आम्ही मुद्दाम धरल्या आहेत. दोन्हींच्या पुढे वादळाचा हंगाम असतो आणि दोन्ही तिथींस मनुष्य वाडीत असतोच. त्याच वेळी घराशेजारच्या माडाचे वाळके नारळ व झावळ्या उतरवाव्यात, आंब्याची दाट पालवी मधून विरळ करावी म्हणजे वारा आरपार जातो, आणि विहिरीवरील पंपाचे खोके उंचावर न्यावे.

काकूंनी पुरवणी यादीसाठी अर्ज दिला. तो आम्हीच लिहून दिला आणि चोपडीची नक्कल त्यास जोडली. पुन्हा पाहणी झाली, बुंधे मोजले. ते चोपडीशी दोनचा फरक राखून जुळले. क्षेत्र वाढवून मिळाले, पण संमतिपत्रे येण्यास आणखी आठ महिने गेले, आणि पैसे आले तेव्हा दुसरे वादळ होऊन गेले होते. दरम्यान त्यांनी केळी लाविल्या होत्या आणि केळींखाली पोफळीची नव्वद रोपे. आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर गेल्या मार्गशीर्षात त्या बाजूस गेलो होतो. नव्वदांपैकी एकाहत्तर रोपे राहिली आहेत आणि त्यांतील काहींस पहिली पोय आली आहे. चोपडीत नवे पान घातले आहे. अक्षर आता त्यांच्या नातीचे आहे, आणि सातबाराच्या रकान्यात पोफळ हा शब्द लागला आहे. क्षेत्र अजून दोन गुंठे कमी दिसते. त्याविषयी दुसरा अर्ज दिला असून त्याची पोच काकूंनी आम्हांस काढून दाखविली.